पाय कोरडे आहेत तोवर आवरा

कोल्हापुरातून शिवाजी पूल ओलांडून रत्नागिरीच्या रस्त्याला लागलं, की थोड्या अंतरावर आंबेवाडी आणि तिच्या शेजारी प्रयाग चिखली. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी आणि पाचवी गुप्त सरस्वती एकत्र होऊन पंचगंगा इथूनच पुढं निघते. चहूकडं ऊस, दारोदारी म्हशी. मे महिन्यात तुम्ही इथं आलात तर म्हणाल, ही गरीब नदी कुणाला काय त्रास देणार!

पण घरांच्या भिंती नीट बघा. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै कुठवर चढला ते त्या सांगतील. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. त्या दोन्ही साली पाणी ५५ फुटांच्या पलीकडं गेलं.

हे गावाला नवीन नाही. १९८९ च्या पुरानंतर इथल्या लोकांना वर सोनतळीला जागा मिळाल्या. मी तेव्हा शेतकीचं शिक्षण घेत होतो. मला वाटलं, आता वर्षा-दोन वर्षांत सारं गाव वर जाईल. पण वाचकहो, घर उचलणं कागदावर सोपं असतं. शेतं खाली, गोठे खाली, देव खाली. कुणी वर गेलं, कुणी पावसाळ्यापुरतं वर जाऊन पुन्हा खाली आलं.

असंच एक ओळखीचं घर यंदा कायमचं वर निघालं होतं. मी गेलो होतो खोडव्याची चौकशी करायला, पण दारातच वहिनी म्हणाल्या, "साहेब, ऊस राहू द्या. आधी आमच्या आजींना सांगा. एक खोली आवरू देईनात."

खोली म्हणजे आजींची झोपायची खोली. पलंग, लोखंडी कपाट, वाकळांची चळत, दांडीवर कपड्यांचा ढीग, कोनाड्यात औषधांच्या जुन्या पुड्या आणि पलंगाखाली तर सारा संसार. आजी उंबऱ्यात बसलेल्या. म्हणाल्या, "सायेब, मी लगीन होऊन ह्याच खोलीत आले. काय टाकू आनि काय ठिवू, तुमीच सांगा."

२०१९ ला या घरातली माणसं होडीतून बाहेर निघाली. निघताना हाताला लागलं ते गाठोडं उचललं. शाळेतल्या छावणीत सोडून बघतात तर आत जुने पडदे आणि विटकी लुगडी! बँकेची पुस्तकं कपाटातच भिजत राहिली होती. तेव्हापासून वहिनींनी ठरवलं होतं, पुन्हा आंधळं गाठोडं उचलायचं नाही.

मीही पदर खोचल्यासारखा कामाला लागलो. वाकून पलंगाखाली बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. तणनाशकाची अर्धी बाटली, कीटकनाशकाचा डबा, वर युरियाचं फुटकं पोतं. ज्या खोलीत नातवंडं झोपतात तिथं! ते सगळं आधी बाहेर काढलं. बंधूंनो, औषध मूळ डब्यातच, घरापासून वेगळ्या जागी, उंचावर आणि कुलपात ठेवा. रिकामी बाटली तीनदा विसळा, ते पाणी फवारणीच्या पंपातच ओता, बाटलीला भोक पाडा. तिच्यात तेल भरू नका. पुरात असली बाटली वाहून गेली तर ते विष खालच्या गावाच्या पाण्यात जातं.

मग वहिनींनी तीन ढीग केले. सोनतळीला न्यायचं, कुणाला द्यायचं आणि टाकायचं. पहिल्या दिवशी फक्त पलंगाखालचं, दुसऱ्या दिवशी दांडी आणि वाकळा, तिसऱ्या दिवशी कपाट. फोटो सगळ्यात शेवटी, कारण फोटो हातात आला की माणूस तिथंच बसतो. बारा वाकळांतल्या पाच ठेवल्या. कुठल्या पाच ते आजींनी ठरवलं. एकदा निवड त्यांच्या हाती दिल्यावर त्यांची हरकतही कमी झाली.

शेवटी राहिली गंजलेली ट्रंक. मी डोकावलो. वरच्या थरात कारखान्याची उसाची जुनी बिलं. मी मोठ्या अधिकारानं म्हणालो, "ही रद्दी. ट्रंकेसकट द्या भंगारात."

आजी उठल्या. म्हणाल्या, "न बघताच?" आणि एकेक बिल काढून जमिनीवर मांडू लागल्या. तळाशी, धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेला, दोन भावांच्या वाटणीचा कागद निघाला. खाली पंचांच्या सह्या, आणि आता त्यांतलं कुणीच हयात नाही. सातबारा संगणकावरून पुन्हा काढता येतो. पण हा कागद कुठून आणणार? मी गप्प झालो. तीस वर्षं लोकांना सल्ला देणारा माणूस त्या दिवशी आजींकडून शिकला.

तर मंडळी, घर कायमचं सोडायचं असो नाहीतर पावसाळ्यापुरतं, एवढं लक्षात ठेवा. न उघडता काही नेऊ नका आणि न उघडता काही टाकू नका. जमिनीचे कागद, पासबुकं, आधार, रेशन कार्ड, मुलांचे दाखले आणि एखाद-दुसरा फोटो प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून एका जागी ठेवा. ती जागा घरातल्या सगळ्यांना, पोरांनासुद्धा, माहीत हवी. आणि हे मे महिन्यात करा. पाणी उंबऱ्याला लागलं की हात उचलतो, डोकं निवडत नाही.

आजी आता वर राहतात. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत गेला. ट्रंकही वर गेली, बिलं मात्र रद्दीत. "त्येवडी अक्कल मला बी हाय," असं त्या हसून म्हणाल्या.

आज संध्याकाळी दिवेलागण झाल्यावर तुम्हीही जरा वाकून आपल्या पलंगाखाली बघा.