‘क्यू.आर.एस.’ म्हणजे जरा सावकाश

आपल्या घरातील वयस्कर माणूस दिवसातून किती वेळा नुसतेच ‘हो, हो’ म्हणतो, याकडे आपले कधी लक्ष गेले आहे काय? समोरच्याचे बोलणे नीट ऐकू आलेले नसते, पुन्हा विचारण्याचा संकोच असतो, आणि एकदा ‘हो’ म्हटले की विषय संपतो. आमच्या घरी हा ‘हो’ चार-पाच वर्षे वावरत होता. आमचे यजमान साखर कारखान्याच्या विद्युत विभागातून निवृत्त झाले. गाळपाच्या हंगामात घोंघाटात काढलेल्या पाळ्या आणि त्यावर वाढते वय, असे दोन्ही मिळून त्यांचे कान मंदावले. प्रथम लग्नकार्यांना जाणे कमी झाले, मग भजनी मंडळ सुटले, मग सायंकाळी नदीकडे फिरायला जाणारी मित्रमंडळी सुटली. काळभैरीच्या यात्रेलासुद्धा ‘गर्दीत काही कळत नाही’ म्हणून ते घरीच राहू लागले. आम्हांला वाटले, वयाप्रमाणे विरक्ती येत असेल.

ती विरक्ती नव्हती, हे एका गोळीने कळले. मी मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला होते. पायांवरची सूज उतरावी म्हणून लघवीचे प्रमाण वाढवणारी एक गोळी ‘दिवसाआड घ्या’ असे डॉक्टरांनी यांना फोनवर सांगितले. यांना ‘दिवसा घ्या’ एवढेच ऐकू आले. हे ‘हो, हो’ म्हणाले आणि तीन आठवडे रोज सकाळी न चुकता गोळी घेत राहिले. रक्तातील सोडियम उतरले, चालताना तोल जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले, आणि चार दिवस रुग्णालयात काढावे लागले. डॉक्टरांनी सांगितले ते योग्य होते, यांनी पाळले तेही प्रामाणिकपणे. वाटेत हरवला होता तो फक्त एक ‘आड’.

वार्धक्यातील बहिरेपणात सगळे आवाज सारखेच मंद होत नाहीत. अंतर्कर्णातील सूक्ष्म केसपेशींपैकी उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी आधी झिजतात. स, श, फ, थ, च यांसारख्या व्यंजनांची ओळख त्या उंच पट्टीत असते. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीत राहतात. त्यामुळे आवाज येतो, पण शब्द कळत नाही. स्त्रियांचे आणि लहान मुलांचे आवाज मुळातच उंच, म्हणून नातीचे बोलणे आजोबांना समजत नाही आणि पाटबंधाऱ्याच्या गप्पा मारायला आलेल्या शेजाऱ्याचे मात्र समजते. ‘सोयीचे तेवढे बरोबर ऐकू येते’ हा टोमणा घरोघरी ऐकू येतो. तो किती अन्यायाचा आहे, हे आता आपल्या ध्यानात येईल. ओरडून बोलण्यानेही फारसे साधत नाही. ओरडताना स्वर वाढतात, व्यंजने जिथल्या तिथे राहतात, आणि झिजलेल्या कानाला मोठा आवाज बोचतो तो निराळाच. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७, २०२० आणि २०२४ या तिन्ही अहवालांत स्मृतिभ्रंशाच्या बदलता येण्याजोग्या जोखमींमध्ये श्रवणदोष आणि सामाजिक एकटेपणा या दोहोंचा समावेश केला आहे. आमच्या घरी दोन्ही एकाच खुर्चीत बसलेले होते. श्रवणयंत्र घेतलेले होते. ते कपाटात होते.

अशा स्थितीत एके दिवशी पलीकडच्या गल्लीतला एक मुलगा तांब्याच्या तारेचे वेटोळे घेऊन दारात आला. अभियांत्रिकीला शिकणारा, आणि उरलेला वेळ फुटबॉलच्या मैदानावर घालवणारा; गडहिंग्लजचा मुलगा म्हटल्यावर हे वेगळे सांगायला नको. ‘काका, तुमच्या गच्चीवरून परसातल्या चिंचेपर्यंत तार ओढू का?’ त्याला हौशी रेडिओचा, ज्याला हॅम रेडिओ म्हणतात त्याचा, अँटेना उभारायचा होता. सात मेगाहर्ट्झच्या आसपास बोलायचे तर साधारण २० मीटर लांबीची तार लागते आणि त्याच्या घरी तेवढी मोकळी जागा नव्हती. यांनी त्याचा एक सांधा पाहिला, ‘हे डाखकाम पहिल्या पावसात सुटेल’ असे म्हणाले, आणि माळ्यावरून स्वतःची डाखणी काढली. कित्येक महिन्यांनी त्यांनी आपण होऊन उच्चारलेले ते पूर्ण वाक्य होते.

त्या मंडळींच्या संघाला फलक नाही, कार्यालय नाही. गडहिंग्लज, आजरा आणि सीमेपलीकडचे संकेश्वर इथले मूठभर लोक रविवारी कोणाच्या तरी घरी जमतात, जुने संच दुरुस्त करतात, कधी सामानगडावर चढून हातातल्या लहान संचावरून आवाज कुठवर पोहोचतो याची चाचणी घेतात. मराठी आणि कानडी दोन्ही एकाच दमात चालते. हौशी रेडिओला केंद्र शासनाच्या दूरसंचार विभागाचा परवाना लागतो. त्यासाठी रेडिओचे तंत्र आणि नियम यांवर परीक्षा द्यावी लागते. किमान वय १२ वर्षे. आमच्या यजमानांनी ती ७२ व्या वर्षी दिली. परवाना आला, ‘व्ही.यू. थ्री’ने सुरू होणारे स्वतःचे संकेतनाम आले, आणि कपाटातले श्रवणयंत्र त्यांनी आपणहून बाहेर काढले. आम्ही सांगून थकलो होतो ते काम एका परवान्याने केले, याचा मला थोडा राग आलाच.

हे का घडले असावे, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. माझ्या मते त्याचे कारण यंत्रापेक्षा तिथल्या रीतिभातीत आहे. हॅम मंडळींत अपरिचिताशी बोलणे सुरू होताच पहिली माहिती द्यायची ती ही, की तुमचे बोलणे मला कितपत ऐकू येते. सुस्पष्टतेला ५ पैकी आणि आवाजाच्या जोराला ९ पैकी आकडा सांगायचा. ‘पाच-नऊ’ म्हणजे उत्तम. ‘तीन-चार’ म्हणजे कष्टाने कळते आहे. यात कोणाला कमीपणा नाही. वातावरणातला खरखराट असतो, दुसऱ्या केंद्राचा अडथळा असतो, लाटेप्रमाणे आवाज चढतो-उतरतो. तरुणालाही नीट ऐकू येत नाही. म्हणून सगळे जण नाव आणि गाव दोनदा सांगतात, ऐकले ते परत म्हणून दाखवतात, अक्षरांसाठी ठरलेले शब्द वापरतात. एका वेळी एकच जण बोलतो, आणि ‘ओव्हर’ म्हटल्याखेरीज दुसरा तोंड उघडत नाही. आमच्या जेवणाच्या टेबलावर अशी शिस्त कधी नव्हती.

मोर्सच्या टिंबा-रेघांच्या भाषेत ‘क्यू’ने सुरू होणारे तीन अक्षरी संकेत विसाव्या शतकाच्या आरंभापासून रूढ आहेत. त्यांतला मला सर्वांत प्रिय संकेत ‘क्यू.आर.एस.’: कृपया सावकाश पाठवा. हा संकेत आला की समोरचा कितीही निष्णात असला तरी त्याने आपली गती उतरवायची, आणि ऐकणाऱ्याला झेपेल तीच गती दोघांची मानायची, असा शिष्टाचार आहे. ज्या माणसाने पाच वर्षे ‘काय म्हणालात?’ हा प्रश्न गिळला, त्याला तो विचारण्याची इथे मुभा होती, नव्हे, न विचारणेच इथे असभ्यपणाचे होते.

आणखी एक गोष्ट. या रेडिओवर व्यापार, राजकारण, धर्म हे विषय वर्ज्य आहेत. उसाचा दर आणि निवडणूक वगळल्यावर आमच्या भागात बोलायला उरते काय, असे मी यांना विचारले होते. उरते ते हवामान, तारा, गुडघे, परसातली भेंडी. आंतरराष्ट्रीय नियमावलीत पूर्वी अशा आशयाची तरतूद होती की, हौशी केंद्रांनी आपसांत खासगी बोलायचे ते इतके किरकोळ असावे, की त्यासाठी तार किंवा टेलिफोन करणे उचित ठरणार नाही. मला ती तरतूद फार मार्मिक वाटते. आपली मुले दूरगावाहून फोन करतात तेव्हा ‘औषध घेतले का, तपासणी झाली का’ हेच विचारतात, आणि त्यांचेही बरोबरच आहे. पण किरकोळ बोलायला आपल्याकडे कोण येते? सकाळी ठरलेल्या वेळी हवेवर भरणाऱ्या बैठकीत, जिला ही मंडळी ‘नेट’ म्हणतात, सूत्रधार एकेकाला संकेतनामाने पुकारतो. दोन दिवस कोणी ओ दिली नाही तर तिसऱ्या दिवशी त्याच्या गावातल्या कोणाला तरी दार वाजवायला पाठवले जाते. एकट्या राहणाऱ्या वृद्धासाठी याचे मोल काय आहे, हे आपणांस सांगायला नको.

यातल्या काही रीती आम्ही स्वयंपाकघरात आणल्या, आणि काळजी घेणाऱ्या वाचकांनी त्या रेडिओशिवायही आणाव्यात असा माझा आग्रह आहे. आपले मराठी आकडे ऐकू कमी येणाऱ्यासाठी फार अवघड आहेत: एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी. रक्तातील साखर ‘एकशे एकोणसत्तर’ न म्हणता आम्ही ‘एक, सहा, नऊ’ म्हणतो. औषधाची सूचना मिळाली की यांनी ती आपल्या शब्दांत परत सांगायची, नुसते ‘हो’ चालणार नाही, डॉक्टरांपुढेसुद्धा. बोलण्यापूर्वी नाव घेऊन लक्ष वेधायचे, चेहरा उजेडात ठेवायचा, सावकाश बोलायचे. दूरदर्शन किंवा मिक्सर चालू असेल तर महत्त्वाचे काही बोलायचेच नाही. नात मिक्सर सुरू करते तेव्हा हे ‘क्यू.आर.एम.!’ असे ओरडतात. त्याचा अर्थ ‘अडथळा येत आहे’.

संकटकाळातील हॅमच्या कामाविषयी आपण वाचले असेल: १९९३ चा किल्लारीचा भूकंप, २००१ चा भूजचा, २००४ ची अंदमानमधील त्सुनामी. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ बंद पडला, इकडे हिरण्यकेशीने भडगावचा पूल बुडवला, तेव्हा वीज आणि मोबाइल यांवर आपण किती विसंबून आहोत ते आम्हीही पाहिले. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा संच अशा वेळी उपयोगी पडतो. पण मला अधिक जवळचे वाटते ते पश्चिम बंगाल रेडिओ क्लबचे काम. गंगासागरच्या यात्रेत हरवलेल्या, अनेकदा वृद्ध आणि विस्मरण झालेल्या माणसांना ही मंडळी वर्षानुवर्षे घरी पोहोचवीत आली आहेत. तुटक शब्दांतून गावाचा माग काढायचा आणि त्या भागातील हॅमकडे चौकशी करायची, ही त्यांची पद्धत. खरखराटातून शब्द वेचण्याची सवय असलेली माणसेच हे करू जाणोत.

आपल्या घरातील कोणाला हा छंद लावावासा वाटला तर काही सावधगिरी हवी. आधी कानांची रीतसर तपासणी. कधीकधी दोष नुसत्या मळाचाही असतो. छंदाने बहिरेपण बरे होत नाही, आणि स्मृतिभ्रंश टळेल असेही कोणी म्हणू नये. हेडफोनचा आवाज माफक ठेवावा, कारण वातावरणातला कडकडाट अचानक मोठा होतो. पेसमेकर असेल तर हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय प्रक्षेपक संच घेऊ नये, आणि हातातला संच छातीच्या खिशात कधीच ठेवू नये. काही श्रवणयंत्रांत संचाजवळ गुणगुण येते. यंत्र बसवणाऱ्याशी त्याविषयी बोलावे. तार बांधायला साठीपुढच्या माणसाने गच्चीच्या कठड्यावर किंवा झाडावर चढू नये. ते काम तरुणांचे, आणि तेही विजेच्या तारांपासून पुरेसे दूर. वैशाखात वळवाचे ढग दिसू लागले की आमच्याकडे सर्वांत आधी अँटेनाची जोडणी काढून घराबाहेर टाकली जाते, मग वाळवण आत येते. या क्रमावर माझा आक्षेप आहे, पण तो नोंदवून घेतला जात नाही.

गेल्या तपासणीत यांचे कान आणखी उतरलेले निघाले. बोलण्यातले शब्द आता हेडफोनवरही निसटतात. म्हणून ते मोर्सकडे वळले आहेत. मोर्सला एकच सूर लागतो आणि तो आपल्याला ऐकू येईल त्या पट्टीवर लावता येतो. यांनी सहाशे हर्ट्झच्या आसपास लावला आहे, तिथे त्यांचा कान अजून शाबूत आहे. त्यांच्याबरोबर मीही शिकू लागले. हॅम मंडळींत स्त्री कितीही वयाची असो, तिला ‘यंग लेडी’ म्हणतात, त्यामुळे ६८ व्या वर्षी मला हे विशेषण मिळाले आहे. सायंकाळी दिवाबत्तीनंतर हे त्या खोलीत आणि मी या खोलीत, मध्ये सरावाची एक तार आणि दोन कळी. माझी गती मिनिटाला चार शब्द आहे. यांना आठ जमतात, पण मला पाठवताना ते चारच्या वर जात नाहीत.