गच्चीवरच्या उन्हाचा हिशेब

संपादकांचा फोन आला तेव्हा अट एकच होती : ‘मॅडम, सोपं लिहा, आकडे कमी.’ आकडे कमी करणं मला जमणार नाही, असं मी तेव्हाच सांगितलं. ते हसले. मी विनोद केला नव्हता.

माझं काम ऊर्जेच्या लेखापरीक्षणाचं. कारखान्यांचे बॉयलर, कॉम्प्रेसर आणि छतांवरचे सोलर प्लांट तपासण्यात बरीच वर्षं गेली. घरगुती सोलरकडे आमच्या धंद्यातले लोक फारसे बघत नसत. तीन किलोवॉटसाठी तज्ज्ञाला कोण बोलावणार? मग फेब्रुवारी २०२४मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॉटला ७८ हजार रुपयांचं अनुदान मिळू लागलं आणि गल्लोगल्ली पॅनल दिसायला लागले. त्याबरोबर माझा फोनही वाजायला लागला. प्रश्न ठरलेला : ‘आमचं सोलर नीट चाललंय ना?’ आणि पुरावा म्हणून लाइट बिलाचा फोटो.

बिलाचा फोटो मला पाठवू नका. प्लांट किती वीज बनवतो हे बिलावर नेट मीटरच्या आकड्यांत सापडत नाही. गच्चीवरची वीज आधी घरात वापरली जाते. दुपारी फ्रिज, पंखे, पाण्याचा पंप यांना लागते तेवढी वीज नेट मीटरपर्यंत पोचतच नाही, उरलेली बाहेर जाते आणि ‘एक्स्पोर्ट’ म्हणून नोंदली जाते. प्लांटने महिन्यात ३८० युनिट वीज बनवली आणि एक्स्पोर्ट २५० दिसला, तर मधले १३० युनिट कुणी चोरलेले नाहीत. ते तुम्हीच वापरलेत. खरा आकडा असतो जनरेशन मीटरवर. बहुतेक घरांत तो नेट मीटरच्या शेजारीच बसवलेला असतो आणि त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. शिवाय सोलर बसलं की घरात एसी येतो, गीझर बिनधास्त चालतो, आणि वर्षाअखेरीस ‘बिल शून्य होणार होतं, झालं नाही’ म्हणून वेंडरला फोन जातो. स्थिर आकार तर वीज वापरा किंवा नका वापरू, द्यावाच लागतो. आणखी एक : नेट मीटर बसायच्या आधीच हौसेनं प्लांट चालू करू नये. साधे मीटर बरेचदा बाहेर जाणारी वीजही आत आलेली म्हणून मोजतात, आणि आपलीच वीज आपण विकत घेतो.

आता माझ्या रागाच्या विषयाकडे येते. ‘एक किलोवॉटला दिवसाला चार युनिट.’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक वेंडरच्या तोंडी आहे. आकडा खोटा नाही, हीच अडचण आहे. खोटा असता तर एका लेखात निकालात काढला असता. चार गुणिले ३६५ म्हणजे १४६० युनिट. आपल्याकडे दक्षिणेकडे तोंड करून नीट बसवलेला एक किलोवॉट वर्षाला साधारण १४०० ते १६०० युनिट देतो. म्हणजे आकडा बरोबर आहे, पण तो वर्षाचा आहे, दिवसाचा नाही. मार्चमध्ये हाच किलोवॉट पाचच्या आसपास देईल, जुलै-ऑगस्टमध्ये तीन किंवा त्याहून कमी. कोकणात आणि घाटमाथ्यावर आणखी खाली. एप्रिलमध्ये सोलर घेणारा माणूस वेंडरला देव मानतो आणि जुलैमध्ये त्याच्याशी ग्राहक न्यायालयाची भाषा करतो. दोन्ही वेळा प्लांट तोच, वेंडरही तोच. गंमत डिसेंबरची आहे. थंडीत दिवस लहान, म्हणून लोक वीजही कमी गृहीत धरतात. पण दक्षिणेकडे कललेल्या पॅनलवर कललेलं ऊन जवळपास सरळ पडतं, आभाळ स्वच्छ असतं आणि पॅनल थंड असतात. पुण्यात, सोलापुरात डिसेंबर-जानेवारीत साडेचारच्या आसपास युनिट मिळणं नवलाचं नाही.

पॅनल थंड असतात म्हणजे काय, हे सांगायला हवं. संपादकांनी हा परिच्छेद कापला नाही तर त्यांचे आभार. पॅनलवर ५४० वॉट लिहिलेलं असतं ते प्रयोगशाळेतलं आहे : चौरस मीटरला १००० वॉट ऊन आणि सेलचं तापमान २५ अंश. मोटारसायकलचं कंपनीनं सांगितलेलं ॲव्हरेज आणि नगर रस्त्यावरचं ॲव्हरेज यांत जो फरक, तोच इथे. एप्रिलच्या दुपारी पॅनल सहज ६५ अंशांपर्यंत तापतो. २५च्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्के वीज घटते. चाळीस अंशांना १४ टक्के गेले. त्यात इन्व्हर्टर आणि वायरमधली घट, धूळ, आणि ऊनही पूर्ण हजार नसतं. ५४० वॉटचे सहा पॅनल, म्हणजे ३.२४ किलोवॉटचा प्लांट, भर एप्रिलच्या बाराला अडीच किलोवॉटच्या आसपास दाखवत असेल तर तो उत्तम चालला आहे. ‘पण मॅडम, ३.२४ तर कधीच दिसत नाही!’ दिसेल, पण पावसाळ्यात. सर पडून गेली की पॅनल गार झालेले असतात, ढग फाटतात आणि ढगांच्या कडांवरून उजळलेलं ऊन क्षणभर हजारच्या वर जातं. वर्षातला सगळ्यात मोठा क्षणिक आकडा बरेचदा जून-जुलैतला असतो, आणि त्याच महिन्याचं एकूण उत्पादन सगळ्यात कमी. हे ऐकल्यावर मी काहीतरी लपवते आहे अशा नजरेनं लोक माझ्याकडे बघतात.

म्हणून खरा प्रश्न ‘किती युनिट?’ हा नाही. ‘त्या महिन्यात पॅनलवर ऊन किती पडलं, आणि त्याच्या मानानं किती युनिट?’ हा आहे. आमच्या भाषेत याला परफॉर्मन्स रेशो म्हणतात. समजा, फेब्रुवारीत पॅनलच्या पृष्ठभागावर चौरस मीटरला १७५ युनिट ऊन पडलं. ३.२४ किलोवॉटच्या आदर्श प्लांटनं ३.२४ गुणिले १७५, म्हणजे ५६७ युनिट द्यायला हवेत. आदर्श कुणीच नसतो. आपल्या हवेत ७५ ते ८० टक्के मिळाले तर मी सही करते. सत्तरच्या खाली गेलं तर शिडी मागवते.

आता ऊन कोण मोजणार? इथे मला पुणेकर म्हणून थोडा अभिमान बाळगू द्या. भारतातलं ऊन पद्धतशीर मोजण्याचं काम मोठ्या प्रमाणावर ज्यांनी उभं केलं, त्या ॲना मणी १९४८मध्ये पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. पुणेकर त्या खात्याच्या इमारतीला अजून सिमला ऑफिस म्हणतात. सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली शिकलेल्या या बाईंनी १९५७-५८च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं विणलं, आणि १९८०मध्ये त्या मोजमापांचं हँडबुक काढलं. आज ॲपवर बोट फिरवून आपण ‘इथे किती ऊन पडतं’ हे बघतो, त्याच्या मुळाशी असली कंटाळवाणी, वर्षानुवर्षांची नोंद आहे. पण घराच्या गच्चीवर पायरॅनोमीटर, म्हणजे ऊन मोजायचं यंत्र, कुणी बसवत नाही. चांगल्या यंत्राची किंमत ऐकूनच लोक विषय बदलतात. मग उरतात उपग्रहावरून काढलेले अंदाज. जागतिक बँकेचा ग्लोबल सोलर ॲटलास मोफत आहे, पण तो अनेक वर्षांची सरासरी देतो, या फेब्रुवारीचं ऊन नाही. नासाची ‘पॉवर’ नावाची सेवा रोजचे आकडे देते, पण एका अंशाच्या चौकोनासाठी, म्हणजे शंभरेक किलोमीटर लांबी-रुंदीचा एकच आकडा. सांगलीच्या गच्चीसाठी ती पन्हाळ्याचं आभाळही धरते.

सांगली उगाच नाही आठवली. बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी मला तिथे बोलावलं होतं. प्लांट नेमका ३.२४ किलोवॉटचा. सकाळी सातला मीटरचं रीडिंग, वहीत तारीखवार, खाडाखोड नाही. इतकी स्वच्छ नोंद मला कारखान्यांतही मिळत नाही. त्यांच्या फेब्रुवारीचे ४०५ युनिट होते. माझ्या हिशेबानं ४३१ हवे होते. वेंडरचा मुलगा ॲप दाखवून म्हणाला, ‘४२० आहेत, मीटर मंद आहे.’ ॲपवरचा आकडा इन्व्हर्टरचा स्वतःचा असतो, त्याला सील नसतं, दोन-चार टक्के इकडेतिकडे चालतं. मी मीटरचा आकडा धरला. मुलगा नाराज झाला.

मग सगळं तपासलं. पॅनलच्या मागचे स्टिकर बिलाशी जुळले. ॲपवरचा दिवसभराच्या उत्पादनाचा आलेख गुळगुळीत होता, कुठे दात, म्हणजे खाच, पडलेला नाही. थर्मल कॅमेऱ्यात एकही सेल भलताच तापलेला नाही. पॅनल सकाळी धुऊन घेतले आणि पुढचे काही दिवस शेजारच्या तशाच प्लांटशी ताडून पाहिलं. घरगुती तपासणीत शेजारच्या प्लांटइतकं भरवशाचं यंत्र दुसरं नाही. धुतल्यावर दोन-तीन टक्के वाढले. उरले तीन-चार टक्के. ते कुठे गेले, हे मला सांगता येत नाही. मीटरची चूक एक टक्का असू शकते. उपग्रहाचं ऊन पाच टक्क्यांनी चुकू शकतं. नव्या पॅनलची क्षमता पहिल्या वर्षी दोनेक टक्के घटते, हे कंपनीच्याच वॉरंटीत लिहिलेलं असतं. पॅनल सुटे करून आय-व्ही ट्रेसर, म्हणजे पॅनलचा करंट आणि व्होल्टेज तपासणारं यंत्र, लावता आलं असतं. त्या यंत्राची किंमत त्यांच्या अख्ख्या प्लांटपेक्षा जास्त आहे, आणि गच्चीवर त्याचीही चूक याच तीन-चार टक्क्यांच्या घरातली असते.

‘म्हणजे मला फसवलं की नाही, एवढं सांगा,’ ते म्हणाले. त्यांचं आयुष्य पैशाला पैसा जुळवण्यात गेलेलं. माझ्या धंद्यात पाच टक्क्यांच्या आतलं भांडण मिटवता येत नाही, हे त्यांना पटेना. मलाही ते सांगताना बरं वाटत नव्हतं. ग्राहक तज्ज्ञाला पैसे देतो ते खात्रीसाठी, आणि तज्ज्ञ त्याला पट्टा देतो : इथून इथपर्यंत काहीही असू शकतं. माझ्याच क्षेत्रातले काही लोक ‘९७.३ टक्के कार्यक्षम’ असं छापून देतात. त्या दशांश चिन्हापुढचा तीन त्यांना कुठून मिळतो, मला खरंच कळत नाही.

पाच टक्के सापडत नाहीत, पण वीस टक्के नक्की सापडतात, आणि बहुतेक घरांत वाया जातात ते वीसच. मुख्य चोर सावली. आपल्याकडे बरीच सोलर उन्हाळ्यात बसतात. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत पुण्यात दुपारचा सूर्य डोक्यावर किंवा किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या टाकीची सावली दुपारी पॅनलकडे फिरकतही नाही. वेंडर हात झटकून जातो. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी बाराच्या सुमाराला क्षितिजापासून अठ्ठेचाळीस अंशांवरच पोचतो. दोन मीटर उंच टाकीची सावली तेव्हा जवळपास तेवढीच लांब, आणि सकाळी नऊला साडेचार मीटर. पॅनलमधले सेल एकामागे एक जोडलेले असल्यामुळे एका कोपऱ्यावरची सावलीसुद्धा त्या कोपऱ्यापुरती राहत नाही, पॅनलचा तिसरा हिस्सा सहज बंद पाडते. डिसेंबरातल्या निरभ्र दिवसाचा आलेख बघा. रोज ठराविक वेळी दात दिसला तर ती टाकी, जिन्याची खोली किंवा शेजाऱ्याचा नवा मजला आहे. शेजाऱ्याशी भांडायला जाऊ नका. १८८२चा सुविधाधिकार कायदा उजेडाचा हक्क देतो, पण वीस वर्षं उपभोगल्यावर, आणि तोही घराच्या उजेडाचा. तुमचे पॅनल गेल्या दिवाळीचे.

दुसरा चोर व्होल्टेज. भर दुपारी आलेख शून्यावर येतो आणि काही मिनिटांनी परत उठतो, असं दिसलं तर पॅनल निर्दोष आहेत. एकाच डीपीवर, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवर, दहा घरांनी सोलर लावलं, सगळे ऑफिसला गेलेले, वीज वापरणारं कुणी नाही. व्होल्टेज चढतं आणि इन्व्हर्टर नियमाप्रमाणे बाजूला होतो. वेंडरनं बारीक केबल वापरली असेल तर आणखी लवकर. लाइट गेल्यावर सोलर बंद पडतं तेही नियमानंच. खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या अंगावर तुमची वीज जाऊ नये म्हणून. हे मी किती जणांना समजावलं असेल याची मोजदाद सोडून दिली आहे, तरी ‘मग सोलरचा उपयोग काय?’ हा प्रश्न येतोच.

धुण्याबद्दल एकच : भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका, आणि बोअरचं जड पाणी तर नकोच. लातूर-सोलापूरकडच्या पॅनलांवर क्षारांचे पांढरे थर मी पाहिले आहेत, ते धुळीपेक्षा चिवट असतात.

सांगलीच्या अहवालात मी शेवटी लिहिलं : प्लांट अपेक्षित मर्यादेत चालू आहे, उरलेली तफावत मोजमापाच्या चुकीपेक्षा मोठी नाही, डिसेंबरात पुन्हा तपासावं. गृहस्थांना ‘मर्यादेत’ पसंत पडलं नाही, वेंडरला ‘तफावत’. पुढे त्या वेंडरनं अहवालातलं पहिलं वाक्य तेवढं कापून आपल्या जाहिरातीत टाकलं, वर ‘तज्ज्ञांकडून प्रमाणित’ असं ठळक अक्षरांत. काढायला सांगितलं आहे. अजून काढलेलं नाही.