मशीनला जात नसते, मग मोजणीला का असते?

हिवरखेडमध्ये 'डीजे' म्हटले की पोरांच्या डोळ्यांसमोर ट्रॉलीवर रचलेली बॉक्सची भिंत आणि तिच्यामागे नाचणारी मिरवणूक येते. म्हणून मागच्या आठवड्यात विहारातल्या अभ्यासिकेत आम्ही 'रेडिओवर एआय डीजे' हा विषय काढला, तेव्हा पहिला प्रश्न आला, "दादा, तं मंग जयंतीच्या डीजेचं भाडं कमी होईन काय?" सगळे हसले, आम्हीही हसलो. मग समजावून सांगितले की हा डीजे वेगळा. रेडिओवर दोन गाण्यांच्या मध्ये जो बोलतो, ज्याला आपण आरजे म्हणतो, त्याच्या जागी आता संगणकाने तयार केलेला आवाज बसवला जात आहे.

त्यावर बारावीतल्या एका पोराने जे विचारले, त्यासाठी हा लेख लिहीत आहोत. तो म्हणाला, "मंग बरंच हाये की. मानूस आडनाव पाह्यते. मशीनले थोडीच जात असते?"

आम्हाला लगेच उत्तर देता आले नाही. कारण आमचे वडील आठवले.

वडील रेडिओचे वेडे. फर्माईशीच्या कार्यक्रमाला नेमाने पोस्टकार्ड टाकायचे. कार्डावर स्वतःचे नाव, आईचे नाव, आम्हा भावंडांची नावे आणि खाली 'हिवरखेड, तालुका तेल्हारा, जिल्हा अकोला'. आडनाव मात्र कधीच नाही. एकदा विचारले तर म्हणाले, "आडनाव लेवलं आन् कार्ड बाजूले ठेवलं तं?" कोणी कार्ड बाजूला ठेवल्याचा त्यांना अनुभव नव्हता. पण शाळेत आणि मजुरीच्या हजेरीत जे पाहिले होते, त्यावरून त्यांनी रेडिओचाही हिशेब मांडला होता. ज्या दिवशी नाव वाचले जाई, त्या दिवशी आई चुलीसमोरून उठून दारात येई. हवेतून आपले नाव येणे ही आमच्या घरात लहान गोष्ट नव्हती.

तेव्हा त्या पोराचा प्रश्न बाळबोध नाही. जातीचा डोळा नसलेला निवेदक मिळत असेल, तर तो आपल्याला नको का?

आधी काय घडते आहे ते पाहू. जून २०२३ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंडच्या एका एफएम वाहिनीने आपल्याच निवेदिकेच्या आवाजाची नक्कल करून 'एआय अ‍ॅश्ले' प्रसारणात आणली. सिडनीच्या 'काडा' या वाहिनीवर 'थाय' नावाची निवेदिका सुमारे सहा महिने कार्यक्रम करत होती. ती माणूस नाही, हे श्रोत्यांना एप्रिल २०२५ मध्ये कळले. पोलंडमध्ये 'ऑफ रेडिओ क्राकूव्ह'ने ऑक्टोबर २०२४ मध्ये माणसे काढून तीन कृत्रिम निवेदक बसवले आणि २०१२ मध्ये निधन झालेल्या नोबेलविजेत्या कवयित्री विस्वावा शिंबोर्स्का यांची 'मुलाखत'ही ऐकवली. लोक संतापले, हजारोंनी सह्या केल्या आणि काही दिवसांतच तो प्रयोग गुंडाळावा लागला. आपल्याकडे डीडी किसानने २६ मे २०२४ रोजी 'एआय कृष' आणि 'एआय भूमी' हे दोन निवेदक आणले. ते पन्नास भाषांत बोलू शकतात, असे सांगण्यात आले. पन्नास भाषांत आमची वऱ्हाडी बसते का, हे ज्याने त्याने ऐकून ठरवावे.

यंत्राला विरोध ही आंबेडकरी भूमिका नाही, हे इथे स्पष्ट केले पाहिजे. गांधीवादाची चिकित्सा करताना बाबासाहेबांनी यंत्राची बाजू घेतली होती. यंत्रामुळे कष्टकऱ्याला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही, ही त्यांची मांडणी. दुष्परिणामांचा दोष त्यांनी यंत्राला दिला नाही, तर खाजगी मालकी आणि वैयक्तिक नफा यांना पवित्र मानणाऱ्या समाजरचनेला दिला. म्हणून आमचा प्रश्न यंत्राला नाही. यंत्र कोणाच्या हिशेबावर चालते, हा प्रश्न आहे.

हा हिशेब म्हणजे श्रोत्यांची मोजणी. खाजगी रेडिओ आपल्याला गाणी विकत नाही, तो जाहिरातदाराला आपले कान विकतो. किती कान, कोणाचे कान, यावर जाहिरातीचा दर ठरतो आणि त्या दरातून निवेदकाचा पगार निघतो. दर कमी पडला की आधी माणूस जातो. भारतात रेडिओच्या श्रोत्यांची 'रॅम' नावाची मोजणी २००७ पासून सुरू झाली. निवडलेल्या श्रोत्यांनी काय ऐकले ते डायरीत भरायचे, अशी ती पद्धत. आणि शहरे किती? मुंबई, दिल्ली, बंगळुरू, कोलकाता. चारच! त्या वहीत अकोला नव्हते, अमरावती नव्हती. हिवरखेडचे तर नावच सोडा.

टीव्हीची गोष्ट याहून बोलकी आहे. देशभरात पन्नास हजारांहून थोड्या अधिक घरांत बार्कची यंत्रे बसवलेली असतात आणि त्यावरून कोट्यवधी घरे काय पाहतात ते ठरते. २०२० च्या टीआरपी प्रकरणानंतर वृत्तवाहिन्यांचे आकडे जवळपास दीड वर्ष बंद ठेवावे लागले, इतका तो खेळ नाजूक आहे. या मोजणीत घरांची प्रतवारी दोन गोष्टींवर होते. कर्त्या कमावत्या माणसाचे शिक्षण किती आणि अकरा वस्तूंच्या यादीतल्या किती वस्तू घरात आहेत. यादीत वीज, पंखा, गॅस, दुचाकी, फ्रीज, वॉशिंग मशीन, कार, एसी अशा वस्तू आहेत. आणि तीत आणखी एक नोंद आहे, शेतजमीन. त्यावरून ए-१ पासून ई-३ पर्यंत घराची पायरी ठरते.

आता विचार करा. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या शिक्षण नाकारले, ज्यांच्या नावावर जमीन होऊ दिली नाही, त्यांची घरे या शिडीवर कुठे बसतील? फॉर्मवर जातीचा रकाना नाही. पण जातीने जे जे हिरावले, त्या प्रत्येकाचा रकाना आहे.

हे आम्ही पुस्तकात वाचून सांगत नाही. एम.ए. समाजशास्त्राला असताना पैशांची गरज होती, म्हणून आम्ही एका एजन्सीसाठी सर्व्हेचे फॉर्म भरले. प्रत्येक फॉर्ममागे पैसे. कोण काय पाहतो, काय ऐकतो, कोणता साबण वापरतो. तिसऱ्या दिवशी सुपरवायझर म्हणाला, "खालच्या वर्गाचे फॉर्म भरपूर झाले, आता पक्क्या घरांचे आणा." आमच्यापुढे दोन वाटा होत्या, एक आपल्या वस्तीकडे जाणारी आणि एक मेन रोडची. आम्ही मेन रोडने गेलो. संध्याकाळी पैसे मोजून घेतले. पुढे एक दिवस वर्गात 'नमुना निवड' शिकताना लक्षात आले की त्या दिवशी आपल्या आईला आपणच मोजणीतून वगळले. आम्हाला कोणी शिवी दिली नव्हती, जात विचारली नव्हती. फक्त कोटा भरला होता.

अशी मोजणी काय करू शकते, हे अमेरिकेतील काळ्या समाजाने दाखवून दिले आहे. तिथे आर्बिट्रॉन कंपनीने डायरीऐवजी खिशात ठेवायचे 'पीपल मीटर' आणले. त्यानंतर काळ्या आणि लॅटिनो समाजाच्या रेडिओ केंद्रांचे आकडे एकदम कोसळले. श्रोते तेच, केंद्रे तीच, मोजणी तेवढी बदलली! निवडलेल्या घरांत आपली माणसे, तरुण आणि फक्त मोबाइल वापरणारे लोक पुरेसे नाहीत, असा या केंद्रांचा आक्षेप होता. ते नुसते रडत बसले नाहीत, संघटित झाले. ऑक्टोबर २००८ मध्ये न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीच्या अ‍ॅटर्नी जनरलनी कंपनीवर खटले भरले आणि जानेवारी २००९ मध्ये कंपनीला तडजोड करून नमुना सुधारण्याची हमी द्यावी लागली.

आपल्याला तर हा धडा त्याच्याही आधी मिळाला आहे. १९३२ मध्ये मताधिकारासाठी लोथियन समिती आली, तेव्हा अस्पृश्यांची संख्या किती हाच वाद झाला. काही प्रांतांतून तर आमच्याकडे अस्पृश्यच नाहीत, असे सांगण्यात आले. संख्या मान्य केली तर प्रतिनिधित्व द्यावे लागेल, हे सवर्णांना कळले होते, असे बाबासाहेबांनी नोंदवले आहे. मोजणी नाकारणे म्हणजे वाटा नाकारणे. जातनिहाय जनगणनेचा आग्रह आपण धरतो तो याचसाठी.

आता त्या पोराला उत्तर देता येते. बाळा, मशीनला जात नसते हे खरे. पण मशीन शिकते ते साठवलेल्या आवाजांवर आणि वाजवते ते मोजलेल्या कानांसाठी. ज्या समाजाचा आवाज साठवला गेला नाही आणि ज्याचा कान मोजला गेला नाही, त्याच्याबद्दल मशीन द्वेष करणार नाही. त्याला तो समाज ठाऊकच नसेल. तुझ्या आज्याचे कार्ड बाजूला ठेवणारा माणूस असेल, तर त्याच्याशी भांडता येते, त्याच्या दारात मोर्चा नेता येतो. पण जिथे कार्ड पोचतच नाही, तिथे भांडायचे कोणाशी?

मग करायचे काय? ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढताना बाबासाहेबांनी दुसऱ्यांच्या पत्रात जागा मिळण्याची वाट पाहिली नाही. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले आणि २००६ च्या धोरणाने सामाजिक संस्थांना सामुदायिक रेडिओचे दार उघडले. तेलंगणात झहीराबादजवळ २००८ पासून 'संघम रेडिओ' सुरू आहे. तो गावातल्या दलित बायका चालवतात, त्यांच्याच बोलीत, बियाण्यांविषयी आणि स्वतःच्या जगण्याविषयी. तिथे किती कान ऐकतात याआधी कोण बोलते आहे, हे महत्त्वाचे मानले गेले. वऱ्हाडात हे का होऊ नये?

परवाना उद्याच मिळणार नाही, पण तीन गोष्टी आजपासून होऊ शकतात. एक, बोलणारा माणूस आहे की मशीन, हे प्रत्येक कार्यक्रमात सांगितले पाहिजे, अशी मागणी लेखी करा. दोन, आवाजाचे नमुने गोळा करायला कोणी आले, तर करार वाचल्याशिवाय आपली वऱ्हाडी विकू नका. तीन, स्वतःची मोजणी स्वतः करा.

तिसऱ्या कामाला आम्ही सुरुवात केली आहे. अभ्यासिकेची पोरे वही घेऊन वस्तीत फिरत आहेत. कापूस वेचताना कमरेला मोबाइल बांधून गाणी ऐकणाऱ्या बाया आहेत. बाजारभावासाठी जुना सेल-रेडिओ जपणारे म्हातारे आहेत. रात्रपाळीचा चौकीदार आहे. यातल्या एकालाही आजवर कोणी विचारले नव्हते की तुम्ही काय ऐकता.

वहीतले पहिले नाव आमच्या वडिलांचे आहे. पोराने सवयीने फक्त नाव लिहिले आणि पान उलटू लागला. वडिलांनी त्याचा हात धरला.

"आडनाव लेव," ते म्हणाले. "पुरं लेव."

जय भीम!