अठरा मिनिटं वीस सेकंद

गेल्या मार्चमध्ये भाचीचा फोन आला. "मावशी, मामावर कुणीतरी पॉडकास्ट केलाय. आजीला सांगू नकोस." मामा म्हणजे आमचा दादा. मिरजेत त्याचं औषधांचं दुकान. 2009 च्या मे महिन्यात उसन्या पैशांवरून त्याचा खून झाला. खटला चालला, जन्मठेप झाली.

रात्री सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरात बसून ऐकलं. सुरुवातीलाच दार करकरल्याचा आवाज. आमच्या दुकानाला दार नव्हतंच, शटर होतं. मग धो धो पाऊस. मे महिन्यात! वार किती, कुठे, सगळं रंगवून सांगितलं. 18 मिनिटं 20 सेकंदांवर निवेदक म्हणाला, "प्रेमप्रकरणाचाही धागा होता." पोलिसांनी पहिले दोन दिवस तशी चौकशी केली होती, पण दोषारोपपत्रात त्याचं नावनिशाण नाही. त्यावर लगेच गादीची जाहिरात. खरं सांगते, मी तो भाग तीनदा ऐकला. इतक्या वर्षांनी कुणीतरी दादाचं पूर्ण नाव घेत होतं.

मग मी चूक केली. रात्री एकला निवेदकाला वाट्टेल ते लिहून पाठवलं. त्याने मला ब्लॉक केलं.

ओळखीच्या वकीलबाईंनी डोकं ठिकाणावर आणलं. नाव घेऊच नका, असं म्हणता येणार नाही, त्या म्हणाल्या. 1994 च्या ऑटो शंकर प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की कोर्टाच्या कागदांत आलेलं छापता येतं. लैंगिक अत्याचार झालेल्या बाईचं नाव तेवढं नाही. "तेव्हा कागदात नाही त्यावरच बोट ठेवा."

निकालाची प्रमाणित नक्कल काढली. चुका मिनिट-सेकंदांसकट एका पानावर लिहिल्या. रडगाणं एक ओळही नाही, ते फार जड गेलं. दादाचा फोटो वहिनीच्या फेसबुकवरून उचललेला, तेही लिहिलं. पॉडकास्ट ज्या अॅपवर होता, त्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल केला. 2021 च्या आयटी नियमांप्रमाणे तेव्हा 24 तासांत पोच आणि 15 दिवसांत निकाल द्यावा लागायचा. पोच आली. बाराव्या दिवशी फोटो गेला.

त्याच संध्याकाळी निवेदकाचा फोन. पंचविशीचा पोरगा असावा. "ताई, घरच्यांचा नंबर मिळाला नाही हो." म्हटलं, दुकान अजून वहिनी चालवते, नंबर पाटीवर आहे. तो गप्प झाला. धाग्याचं वाक्य त्याने कापलं. करकरणारं दार मात्र तसंच आहे, मीही मग नाद सोडला.

फोन ठेवताना त्याने विचारलं, "ते माणूस म्हणून कसे होते?" मी उधारीच्या वहीचं सांगितलं. ज्याच्याकडे पैसे नसत, त्याच्या नावापुढे दादा रक्कम लिहायचाच नाही, नुसतं 'बघू' लिहायचा. हे पुढच्या भागात घेऊ का, असं तो विचारत होता. वहिनीला विचारून सांगते म्हटलं.

ती वही वहिनीकडेच आहे. अजून विचारलेलं नाही.