सिमला ऑफिसातल्या अ‍ॅना मणी

पुणे

चि. मुक्ता,


फिजिक्स हुकलं, इन्स्ट्रुमेंटेशनला जावं लागतंय म्हणून काल फोनवर रडलीस. तेव्हा मला धड बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र.

शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसवरून, म्हणजे हवामान खात्याच्या कचेरीवरून, आपण कितीदा गेलो असू! तिथे १९४८ साली अ‍ॅना मणी रुजू झाल्या. त्या त्रावणकोरातल्या पीरमेडच्या. आठव्या वाढदिवसाला घरच्यांनी हिऱ्याच्या कुड्या पुढे केल्या, तर या पोरीने एनसायक्लोपीडिया ब्रिटानिका मागितला. पुढे बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे हाती आले, ते अभ्यासाला. हिऱ्यातला प्रकाश एकेका फोटोप्लेटवर टिपायला १५-२० तास लागत, म्हणून रात्री त्या तिथेच झोपत. पाच शोधनिबंध एकटीच्या नावावर. तरी मद्रास विद्यापीठाने पीएच.डी. नाकारली, कारण एम.एस्सी. केलेलं नाही! आजही हे वाचलं की माझा संताप होतो.

पुढेही त्यांना फिजिक्सच करायचं होतं. लंडनची शिष्यवृत्ती मिळाली, पण हवामानाच्या उपकरणांसाठी. त्या गेल्या. परत आल्या तेव्हा आपल्याकडे साधे तापमापकसुद्धा परदेशातून येत. मणींनी शंभरेक उपकरणांची ड्रॉइंग पक्की केली आणि ती इथेच बनवून घ्यायला लागल्या. १९५३ पर्यंत त्या विभागप्रमुख झाल्या होत्या, हाताखाली १२१ पुरुष.

चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं, असं त्या मानत. ऊन मोजायचं उपकरण घे. त्यातला काळा पृष्ठभाग तापतो, त्यातून विजेचा अगदी क्षीण दाब उठतो आणि त्यावरून ऊन किती ते काढायचं. काळा रंग जरा विटला की आकडा खोटा, आणि उपकरण मात्र वरून धडधाकट दिसतं. म्हणून तपासणीतून, म्हणजे कॅलिब्रेशनमधून, त्यांच्याकडे कुठल्याच उपकरणाला सूट नव्हती. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात त्यांनी देशभर ऊन मोजणारी केंद्रं उभी केली. फुग्याला बांधून वर सोडायचं ओझोनमापक १९६४ पर्यंत तयार केलं. भारतात कुठे किती ऊन पडतं, याचे त्यांचे ग्रंथ १९८०-८१ मध्ये आले. सौरऊर्जेचं काम करणाऱ्यांना तोच आधार झाला.

तेव्हा मुक्ता, जा. पहिल्या दिवशी लॅबमध्ये कुठलंही उपकरण हातात आलं की आधी विचार, याचं कॅलिब्रेशन शेवटचं कधी झालं?

तुझी,
मावशी