ऑब्जेक्टचा पत्ता

जावाच्या आरएमआयमधला, म्हणजे दुसऱ्या मशीनवरच्या ऑब्जेक्टची मेथड बोलावण्याच्या सोयीतला, माझा पहिला सर्व्हर अर्ध्या तासात लिहून झाला. एक इंटरफेस, त्यात वेळ सांगणारी एकच मेथड. ती पुरी करणारा क्लास. मेनमध्ये ऑब्जेक्ट एक्स्पोर्ट करायचा आणि १०९९ पोर्टवरच्या रजिस्ट्रीत त्याचं नाव नोंदवायचं, बस. मेन संपलं तरी प्रोग्राम उठला नाही. कुणी हाक मारील म्हणून बसून राहिला. ते बसून राहणं मला फार आवडलं.

माझ्या मशीनवर सगळं चाललं. (तिथे काय चालत नाही?) मग क्लायंट शेजारच्या टेबलावर नेला. रजिस्ट्री सापडली, नाव सापडलं, स्टबही हाती आला, आणि पहिल्याच कॉलला ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. फायरवॉल बंद करून पाहिली, केबल काढून घातली. दुपार गेली. एररमध्ये १२७.०.०.१ असं ढळढळीत छापलेलं होतं. मी ते दहादा वाचलं, पण पाहिलं नाही.

स्टब हा दूरच्या ऑब्जेक्टचा मुनीम. मालकाचा पत्ता खिशात घेऊन तो क्लायंटकडे जातो. तो पत्ता लिहून देतो सर्व्हर, आणि माझ्या लिनक्सच्या होस्ट्स फाइलीत मशीनचं नाव १२७.०.०.१ समोर होतं. म्हणजे पत्ता काय, तर ‘आपलं घर’. जो वाचील त्याचं घर! क्लायंट बिचारा स्वतःच्याच दारावर थापा मारत होता. कळसा गावात आणि शोध काखेत. ‘जावा.आरएमआय.सर्व्हर.होस्टनेम’ला खरा पत्ता दिला, तेव्हा वेळ कळली.

आणखी एक चूक मात्र बरीच उशिरा उमगली. आरएमआयच्या प्रत्येक दूरस्थ मेथडला ‘रिमोटएक्सेप्शन’ जाहीर करावंच लागतं. मला ती कटकट वाटायची, म्हणून कॅच रिकामा ठेवला होता. पुढे सन मायक्रोसिस्टिम्समधल्या जिम वाल्डो, अ‍ॅन वॉलराथ आणि दोन सहकाऱ्यांचा १९९४चा निबंध वाचला. दूरचा ऑब्जेक्ट जवळचा असल्याचं सोंग करू नका, असं त्यांचं म्हणणं. १९९७मध्ये जेडीके १.१बरोबर आरएमआय आलं, त्याच्या घडणीत वॉलराथ होत्या. ती कटकट मुद्दाम ठेवलेली होती. कॉल पोचला आणि उत्तर वाटेत हरवलं, तर काम झालं की नाही हे क्लायंटला कसं कळणार?

वेळ काय, पुन्हा विचारता येते. माझा पुढचा सर्व्हर खात्यातून पैसे वळते करणारा होता. त्या कॅचमध्ये काय लिहायचं, यात दोन दिवस गेले.