मामा, सोपा विषय कुठला?

गेल्या वर्षी जुलैमध्ये भाचीचा फोन आला. ती पुण्यात इंजिनिअरिंग करते, कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला. "मामा, एक ह्युमॅनिटीजचा विषय घ्यावाच लागतोय. पाच आहेत. सोपा कुठला ते सांग. आज रात्री बारापर्यंत पोर्टलवर भरायचंय."

यादी अशी होती: मानसशास्त्राची ओळख, अर्थशास्त्राची मूलतत्त्वे, जर्मन भाषा, दख्खनचा इतिहास, कायदा आणि समाज. मी क्षणभरही विचार न करता सांगितलं, "जर्मन घे. पुढं उपयोगी पडेल." सॉफ्टवेअरमध्ये बारा-तेरा वर्षं काढलेल्या माणसाला 'उपयोगी' या शब्दापलीकडे काही सुचत नाही. तिनं 'बरं' म्हणून फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी कळलं की जर्मनच्या जागा आधीच भरल्या होत्या. उरलेल्यांपैकी 'कायदा आणि समाज'चा तास शुक्रवारी नव्हता आणि तिला शुक्रवारी दुपारची सोलापूरची गाडी पकडायची असते. म्हणून तिनं तो घेतला. आपल्याकडं बहुतेकांची निवड अशीच होते, तेव्हा तिला हसण्यात अर्थ नाही.

आमच्या वेळी तर निवडही नव्हती. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या बी.ई.ला पहिल्या वर्षी 'भारतीय राज्यघटना आणि व्यावसायिक नीतिमूल्ये' असा एक पेपर सगळ्यांना असायचा. हॉस्टेलवर आम्ही त्याला विषय मानतच नव्हतो. आदल्या रात्री गाईड आणायचं, कलमांचे आकडे पाठ करायचे. कलम 14, कायद्यापुढे समानता. कलम 15, धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभावाला मनाई. मला ते आकडे अजून पाठ आहेत. मार्कही चांगले पडले होते.

इंजिनिअरला हे विषय कशाला, हा प्रश्न भाचीनंही विचारला होता. उत्तर जुनं आहे. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालच्या विद्यापीठ शिक्षण आयोगानं 1948-49 मध्येच म्हटलं होतं की व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्यांनाही सामान्य शिक्षण हवं. अमेरिकेतल्या एमआयटीत कुठल्याही शाखेच्या विद्यार्थ्याला मानव्यविद्या, कला आणि समाजशास्त्रातले आठ विषय पुरे केल्याशिवाय पदवी मिळत नाही. आपल्याकडं एआयसीटीईच्या 2018 च्या आदर्श अभ्यासक्रमात बी.ई.च्या एकूण 160 क्रेडिटांपैकी 12 मानव्यविद्या, समाजशास्त्रं आणि व्यवस्थापन यांना दिलेले आहेत. एकशे साठात बारा. त्यामुळं पोरं त्यांच्याकडं बारा म्हणूनच बघतात.

ऑक्टोबरमध्ये भाचीचा परत फोन आला. त्या विषयात एक प्रकल्प होता. घरातला एक जुना सरकारी किंवा कायदेशीर कागद घ्यायचा आणि तो का झाला, त्यात कोणाकोणाची नावं आहेत, कोणाची नाहीत, यावर दहा पानं लिहायची. "आजोबांच्या ट्रंकेत असतील ना कागद? मी दसऱ्याला गेले होते तेव्हा आजीनं फोटो काढू दिले. पण त्यातलं एक मला कळेना."

मादन हिप्परग्याच्या आमच्या घरात ती लोखंडी ट्रंक माझ्या लहानपणापासून आहे. आळंद तालुक्यातल्या कुठल्याही जुन्या घरात सापडेल तोच ऐवज तिच्यात आहे. 1948 पर्यंत आमचा भाग निजामाच्या राज्यात होता, म्हणून सगळ्यात खालचे कागद उर्दूत. 1 नोव्हेंबर 1956 ला आम्ही म्हैसूर राज्यात गेलो, म्हणून वरचे कागद कानडीत. मधेमधे पंजोबांनी मराठीत लिहिलेले हिशेब. आणि सगळ्यात वर, प्लास्टिकच्या पिशवीत, 2014 चं हक्कसोडपत्र.

भाचीनं नेमका त्याचाच फोटो पाठवला होता. खाली तिच्या आईची, माझ्या अक्काची सही होती.

अण्णा, म्हणजे आमचे वडील, 2013 मध्ये गेले. शेती वडिलोपार्जित, काळी, तुरीची. वारसा नोंद करायची होती, ज्याला आमच्याकडं पौती खातं म्हणतात. गावात सगळ्यांनी सांगितलं, आधी बहिणीची सही घेऊन टाका, पुढं कटकट नको. दादा शेती बघतो, मी बंगळुरूला. दादानं कागद तयार केला, मी सुटी काढून आलो, अक्का सोलापुरहून सकाळच्या गाडीनं आली. आळंदच्या कचेरीत अर्ध्या तासात काम झालं. बाहेर येऊन आम्ही चहा-भजी खाल्ली. आईनं तिला साडी दिली. संध्याकाळच्या गाडीनं ती परत गेली. दरवर्षी तुरीचं एक पोतं सोलापूरला जातं, ते अजून जातं. यात काही वावगं घडलं असं माझ्या मनात दहा वर्षं आलं नाही.

भाचीनं विचारलं, "मामा, 2005 नंतर मुलीला मुलाइतकाच हिस्सा आहे. आजोबा 2013 ला गेले. मग आईनं सही का केली?"

मी म्हणालो, "तिनं स्वखुशीनं केली. कागदातच लिहिलंय."

"कागद कोणी लिहिला?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. जिचा विषय जर्मन व्हायचा होता, ती मला माझ्याच घरातला कागद वाचून दाखवत होती.

पुढचे पंधरा दिवस ती मला एकेक गोष्ट सांगत गेली आणि मी ऐकत गेलो. वडिलोपार्जित मिळकतीत मुलाला जन्मतःच हक्क, हा नियम ज्या 'मिताक्षरा' ग्रंथाशी जोडला जातो, तो आमच्या शेजारच्या बीदर जिल्ह्यातल्या कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या दरबारात लिहिला गेला. विक्रमादित्याची कारकीर्द 1076 ते 1126. ग्रंथकार विज्ञानेश्वर. त्यांचं गाव कलबुरगी जिल्ह्यातलं मरतूर मानलं जातं. याज्ञवल्क्य स्मृतीवरची ही टीका पुढं बंगाल सोडून जवळजवळ सगळ्या हिंदुस्थानात प्रमाण ठरली. 1810 मध्ये कोलब्रुकनं तिच्या वारसाहक्काच्या भागाचं इंग्रजी भाषांतर केलं आणि इंग्रजांच्या न्यायालयांत तिचा आधार घेतला जाऊ लागला. मी त्याच जिल्ह्यात वाढलो. बसवकल्याणवरून कितीदा एस.टी.नं गेलो असेन. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

भाचीला वाटलं होतं की विज्ञानेश्वर म्हणजे बायकांना काही न देणारे असतील. पण वाचल्यावर तिचं मत थोडं बदललं. त्यांनी स्त्रीधनाची व्याख्या बरीच मोठी केली होती. वारशानं, खरेदीनं, वाटणीनं आलेलंही त्यात धरलं होतं. इंग्रजी अमदानीत न्यायालयांनी ती व्याख्या आखडती घेतली. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं मुलीला वडिलांच्या वाट्यात वारस केलं, पण जन्मतः हक्काच्या एकत्र कुटुंबात ती बाहेरच राहिली. कर्नाटकानं आणि महाराष्ट्रानं 1994 मध्ये आपापल्या दुरुस्त्या केल्या. त्यांचा लाभ दुरुस्तीआधी लग्न झालेल्या मुलींना नव्हता. 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राच्या दुरुस्तीनं सगळ्या मुलींना मुलाच्या बरोबरीनं बसवलं, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की हा हक्क जन्मानंच येतो, त्यासाठी 2005 मध्ये वडील हयात असायलाच हवेत असं नाही.

म्हणजे अक्काला हक्क द्यायला कायद्याला नऊशे वर्षं लागली, आणि आम्ही तो आळंदला अर्ध्या तासात परत घेतला. कलम 15 पाठ असणारा मी तिथंच शेजारी उभा होतो.

दिवाळीला सोलापूरला गेलो तेव्हा अक्काला विचारलं. ती शेव तळत होती. आधी म्हणाली, "आता काय काढायलास ते? झालं की." मग गॅस बारीक करून बोलली. "जमीन मला नकोच होती रे. माझं बरं चाललंय. पण कागद आधीच टाइप करून ठेवला होता. कुठं सही करायची तिथं पेन्सिलनं फुली मारून. 'अक्का, तुला काय वाटतं' असं तुम्ही दोघांपैकी एकानं तरी विचारायचं होतं. नाही म्हणाले असते तर माहेर तुटलं असतं, हे तुम्हाला माहीत होतं, मलाही माहीत होतं."

मी म्हणालो, "माझ्या वाटणीतला काही भाग मी तुझ्या नावानं बक्षीसपत्र करून देतो."

ती म्हणाली, "बघ, परत तूच ठरवायलास. आधी दादाशी बोल. मग मला विचार."

दादाशी बोललो. तो चिडला. त्याचंही अगदीच खोटं नाही. दुष्काळात, अतिवृष्टीत शेत त्यानं सांभाळलं, आम्ही दोघं शहरात होतो. तीन महिने तो माझ्याशी नीट बोलला नाही. संक्रांतीला त्यानं स्वतः अक्काला फोन केला. काय बोलणं झालं ते दोघांनीही मला सांगितलेलं नाही. एवढं कळलं की या उन्हाळ्यात तिघांनी गावी बसायचं आहे आणि या वेळी कागद आधी लिहायचा नाही.

हे सगळं घरातलं इथं लिहू का, असं मी अक्काला विचारलं. ती म्हणाली, लिही, सही केलेल्या पुष्कळ जणी आहेत. आपल्या मंडळातल्या किती घरांत असा कागद असेल, हे ज्यानं त्यानं आपल्या ट्रंकेत पाहावं.

ज्या मुलामुलींना येत्या जूनमध्ये असा विषय भरायचा आहे, त्यांना माझ्या चुकीवरून चार गोष्टी सांगतो. सीनिअरला 'सोपा कुठला' असं विचारू नका. 'त्या विषयात तू स्वतः काय लिहिलंस' ते विचारा. ज्यात घोकून मार्क मिळतात, तो माझ्या राज्यघटनेच्या पेपरासारखा विसरला जाईल. ज्यात स्वतः जाऊन कुणाशी तरी बोलावं लागतं, काही शोधून लिहावं लागतं, तो वेळ खाईल पण राहील. दुसरं, अभ्यासक्रमाचं पान आधी उघडून वाचा. नाव जड असतं आणि आतला मजकूर आपल्या घराशेजारचा निघतो, किंवा उलटही होतं. तिसरं, कॉलेजात मनासारखा विषय नसेल तर 'स्वयम'वर शोधा. मात्र त्याचे क्रेडिट तुमच्या पदवीत धरले जातील का, हे विभागात आधी विचारून घ्या. नाहीतर शेवटच्या सत्रात धावपळ होते. चौथं, जर्मन वाईट नाही. नोकरीसाठी शिकायचं तर जरूर शिका. पण जर्मन पुढंही कुठंही शिकता येईल. घरातल्या कागदांवर बोलायला आजी-आजोबा, आई-मामा आज आहेत, आणि प्रश्न विचारायला कॉलेजचं निमित्तही आज आहे. माझ्या अण्णांना मी त्या उर्दू कागदांबद्दल कधी विचारलं नाही. आता ते वाचून दाखवणारं घरात कुणी नाही.

भाचीला त्या विषयात बी ग्रेड मिळाली. तिला राग आला होता, कारण जर्मनवाल्यांना सरसकट ए मिळाली. तिच्या दहा पानांची एक प्रत तिनं आजीला वाचून दाखवली. आई सही करू शकते, पण सलग वाचत नाही. ऐकून झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "माझी सही कुठाय यात?" भाचीनं फोटो मोठा करून दाखवला. आईचीही सही होती, अक्काच्या वर. तीही फुलीवरच केलेली.

परवा भाचीचा पुन्हा फोन आला. पुढच्या सत्राला आणखी एक विषय घ्यायचा आहे. यादी वाचून दाखवली आणि थांबली. मी म्हणालो, "तू ठरव. ठरलं की मला सांग."

"दख्खनचा इतिहास," ती म्हणाली. "ट्रंकेतले उर्दू कागद कुणाकडून तरी वाचून घ्यायचे आहेत."